रिसेप्टरवर काम करणाऱ्या लहान कंपनीने वैज्ञानिक सल्लागार कसे निवडावेत आणि त्यांच्या वेळेचे चीज कसे करावे

पुण्यातील एका इन्क्युबेटरमध्ये आमची चार जणांची प्रयोगशाळा होती. रिसेप्टर म्हणजे संदेश पकडून पेशीला प्रतिसाद द्यायला लावणारे प्रथिन. आम्ही ज्या रिसेप्टरवर काम करत होतो तो पेशीतील जीआय या प्रथिनाशी जोडलेला होता, म्हणजे तो सक्रिय झाला की पेशीतील सीएएमपी या संदेशवाहक रेणूचे प्रमाण घटते. मुळात जे थोडेच आहे त्यातील घट मोजणे अवघड, म्हणून आधी फोर्स्कोलिन घालून ते प्रमाण चढवायचे आणि मग आपले संयुग ते किती उतरवते ते पाहायचे, अशी या कामाची रूढ पद्धत आहे. फोर्स्कोलिन किती घालायचे याचा आकडा आम्ही एका जुन्या शोधनिबंधातून उचलला होता : १० मायक्रोमोलर (द्रावणातील प्रमाणाचे एकक, याचा हजारावा भाग म्हणजे नॅनोमोलर). चार महिन्यांत साठ संयुगे तपासून झाली आणि एकाचाही ठळक परिणाम दिसेना. केंद्र सरकारच्या बायरॅक या जैवतंत्रज्ञान संस्थेच्या बिग या अनुदान योजनेत १८ महिन्यांसाठी जास्तीत जास्त ५० लाख रुपये मिळतात, त्यामुळे चार महिने म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको.

त्याच सुमारास आम्ही एका निवृत्त औषधशास्त्रज्ञ बाईंना सल्लागार म्हणून बोलावले. दुसऱ्याच स्लाइडवर त्यांनी हात वर केला आणि विचारले, "फोर्स्कोलिन किती घालता? आणि हा आकडा तुमच्या पेशींवर काढलाय की वाचलाय?" आठ वेगवेगळ्या प्रमाणांत फोर्स्कोलिन घालून वक्र काढायला दोन दिवस लागले. आमच्या पेशींत १ मायक्रोमोलरच्या आसपासच सीएएमपी कमाल पातळीच्या ८० टक्क्यांवर पोहोचत होते. १० मायक्रोमोलरला वक्र माथ्यावर सपाट झालेला होता आणि आमच्या संयुगांनी केलेली घट त्या पुरात दिसेनाशी होत होती. प्रमाण खाली आणून तीच साठ संयुगे पुन्हा तपासली तेव्हा त्यांतली सात कामाची निघाली.

जगभरच्या रिसेप्टर प्रयोगशाळांत रोज वापरले जाणारे हे फोर्स्कोलिन मुळात मुलुंडच्या हेक्स्ट संशोधन केंद्रातले. कोलियस फोर्स्कोली या वनस्पतीच्या मुळांपासून ते तेथे वेगळे केले गेले आणि १९७७ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. मुंबईत जन्मलेल्या या रेणूने पुण्यातल्या चार पोरांना चार महिने चकवावे, याचे बाईंना हसू आले होते.

चांगला सल्लागार तुमच्याकडे असलेल्या आकड्यांवर, पैसे खर्च होण्याआधी, असा प्रश्न विचारतो. हे मार्गदर्शन त्या एकाच गोष्टीभोवती रचले आहे : तो प्रश्न लवकर विचारला जाईल अशी व्यक्ती कशी शोधावी, तिच्याशी करार कसा करावा आणि बैठक कशी भरवावी. संकेतस्थळावर फोटो लावण्यासाठी नामवंतांची समिती हवी असेल, तर त्याला इतक्या पायऱ्या लागत नाहीत.

पहिली पायरी : अडचण लिहून काढणे

सल्लागार शोधण्याआधी एका कोऱ्या कागदावर पुढील बारा महिन्यांतील तीन निर्णय लिहावेत, आणि प्रत्येकापुढे तो निर्णय चुकला तर किती पैसे व किती महिने जातील ते लिहावे. "रिसेप्टर तज्ज्ञ हवा" ही अडचण नव्हे. "आमचे संयुग पूर्ण ॲगोनिस्ट (रिसेप्टरला पूर्ण चेतवणारे) दिसते, पण ते रिसेप्टरची संख्या फुगवलेल्या पेशींत, शरीरात ते कसे वागेल हे कळायला कोणता प्रयोग करावा?" ही अडचण आहे. असे लिहिले की कोणत्या प्रकारची व्यक्ती हवी हे आपोआप स्पष्ट होते.

बाहेरून पाहणाऱ्याला रिसेप्टरचे सगळेच अभ्यासक सारखे वाटतात, पण आत किमान चार जाती आहेत. रिसेप्टरची त्रिमिती रचना काढणारे रचनाशास्त्रज्ञ. संयुग रिसेप्टरला किती घट्ट बसते आणि बसल्यावर किती परिणाम करते हे मोजणारे औषधशास्त्रज्ञ. त्या मोजमापावरून रेणूत पुढचा बदल कोणता करावा हे ठरवणारे औषधी रसायनशास्त्रज्ञ. आणि तो रिसेप्टर रोग्याच्या शरीरात नेमके काय करतो हे जाणणारे वैद्यकीय तज्ज्ञ. पेशीच्या पृष्ठभागावरील जीपीसीआर या एकाच कुटुंबात माणसाकडे सुमारे ८०० रिसेप्टर आहेत आणि मान्यताप्राप्त औषधांपैकी साधारण एक तृतीयांश औषधे याच कुटुंबावर काम करतात. त्यामुळे एका रिसेप्टरवर आयुष्य घालवलेली व्यक्ती शेजारच्या रिसेप्टरबद्दल नवखी असू शकते, आणि हे ती स्वतःहून सांगेलच असे नाही.

या जाती एकमेकींची जागा घेऊ शकत नाहीत, याचे जवळचे उदाहरण ट्रेव्हिना या अमेरिकी कंपनीचे आहे. जीपीसीआरवरील कामासाठी ब्रायन कोबिल्का यांच्यासह २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे रॉबर्ट लेफ्कोविट्झ हे तिच्या संस्थापकांपैकी एक. रिसेप्टरची एकच वाट चालू करायची आणि दुसरी बंद ठेवायची, या कल्पनेवर कंपनी २००७ मध्ये उभी राहिली. या विषयावर तिच्यापेक्षा जाणकार मंडळी सापडणे कठीण होते. तरीही हृदय निकामी होण्याच्या तीव्र झटक्यासाठीचे तिचे टीआरव्ही-०२७ हे संयुग २०१६ मध्ये रोग्यांवरील चाचणीत उपयोगी ठरले नाही. ऑलिसेरिडिन या वेदनाशामकाबाबत अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०१८ मध्ये ८ विरुद्ध ७ मतांनी नकार दिला, आणि मंजुरी यायला ऑगस्ट २०२० उजाडले. पेशीत दिसणारा फरक रोग्यात दिसेल का, हा प्रश्न वेगळ्या प्रकारच्या माणसाने विचारायचा असतो.

सुरुवातीच्या काळात दोन, फार तर तीन सल्लागार पुरतात : एक औषधशास्त्रज्ञ, एक औषधी रसायनशास्त्रज्ञ आणि दरमहा अर्धा तास फोनवर मिळेल असा एक वैद्यकीय तज्ज्ञ. सात जणांची समिती नेमली की सगळ्यांच्या तारखा जुळवण्यातच सहा महिने जातात, आणि बैठकीत प्रत्येक जण दुसऱ्याच्या मानाखातर गप्प बसतो.

दुसरी पायरी : शोध कुठे घ्यावा

आपल्या रिसेप्टरवरील गेल्या दहा वर्षांतील शोधनिबंध काढावेत आणि त्यांतील निष्कर्ष बाजूला ठेवून कार्यपद्धतीचा भाग वाचावा. ज्यांनी नियंत्रक प्रयोग नीट केले आहेत, ज्यांच्या आलेखांवर त्रुटिरेषा आहेत आणि ज्यांनी "हे संयुग दुसऱ्या पेशींत चालले नाही" असे छापण्याचे धाडस केले आहे, त्यांची नावे टिपावीत. शेवटचे नाव प्रयोगशाळेच्या प्रमुखाचे असते, प्रयोग मात्र बहुधा पहिल्या नावाने केलेला असतो. ती पहिल्या नावाची व्यक्ती आज एखाद्या कंपनीत किंवा विद्यापीठात स्वतंत्रपणे काम करत असेल, तर तिला अधिक वेळ असतो आणि तपशीलही तिच्याच हातात असतात.

दुसरा, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित स्रोत म्हणजे उद्योगातून निवृत्त झालेले संशोधक. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात गेल्या अर्धशतकात बहुराष्ट्रीय आणि देशी कंपन्यांची संशोधन केंद्रे होती आणि आहेत. त्यांतून बाहेर पडलेली, पन्नासेक प्रकल्प मरताना पाहिलेली माणसे मुलुंड, ठाणे, बाणेर, कोथरूड अशा भागांत राहतात. त्यांची नावे शोधनिबंधांत फारशी सापडत नाहीत, कारण कंपन्यांनी त्यांना छापू दिले नाही. ती पेटंट अर्जांत संशोधक म्हणून सापडतात. पेटंट कार्यालयाच्या शोधयंत्रात रिसेप्टरचे नाव आणि अर्जदाराचा भारतीय पत्ता घालून पाहावे. आमच्या बाई आम्हाला अशाच सापडल्या.

शैक्षणिक बाजूने पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (एनसीएल), विज्ञान शिक्षण व संशोधनाची आयसर ही संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, मुंबईत रसायन तंत्रज्ञान संस्था आणि खारघरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र या संस्थांतून माणसे मिळू शकतात. एनसीएलच्या आवारातील व्हेंचर सेंटरसारख्या इन्क्युबेटरमधील इतर कंपन्यांना "तुमचे सल्लागार कोण?" याऐवजी "कोणत्या सल्लागारांनी तुमचा निर्णय बदलायला लावला?" असे विचारावे. उत्तर येण्याआधी जी क्षणभर शांतता पडते तीही बरेच सांगून जाते. बॉस्टन किंवा सॅन दिएगोतील मराठी शास्त्रज्ञ आपुलकीने होकार देतात, पण वेळेतला फरक आणि त्यांच्या मालकांचे नियम यांमुळे तो होकार वर्षातून दोन फोनपुरता उरतो. आपुलकीवर कंपनी चालत नाही. त्यांच्याकडून एखाद्या ठरावीक प्रश्नावर मत घ्यावे, नियमित जबाबदारी देऊ नये.

तिसरी पायरी : पहिली भेट आणि परीक्षेचे प्रश्न

पहिल्या भेटीत गोपनीय काहीही सांगू नये. संयुगाची रचना झाकून, रिसेप्टरचे नावही गरज असेल तरच सांगून, दोन-तीन आलेख दाखवावेत आणि समोरची व्यक्ती काय विचारते ते ऐकावे. मी मुद्दाम एक सदोष आलेख ठेवतो : वक्राचा वरचा सपाट भाग गाठलेलाच नाही, तरी खाली अर्ध-परिणामकारक प्रमाणाचा (कमाल परिणामाच्या निम्मा परिणाम देणाऱ्या प्रमाणाचा) आकडा दशांशासह छापलेला. ज्या व्यक्तीला हा खटकत नाही तिच्या कीर्तीचा आदर करावा, चहा पाजावा आणि पुढची गाठ घेऊ नये.

त्यानंतर काही प्रश्न विचारावेत. उत्तर ठाऊक असण्यापेक्षा उत्तर कोणत्या क्रमाने येते याकडे लक्ष द्यावे.

हे संयुग आमच्याच रिसेप्टरवर काम करते हे कसे सिद्ध करावे? चांगला औषधशास्त्रज्ञ सर्वप्रथम रिसेप्टर न घातलेल्या मूळ पेशी मागतो. एचईके-२९३ या नेहमीच्या पेशींत बीटा-२ ॲड्रेनर्जिक आणि काही प्युरिनर्जिक रिसेप्टर आधीपासूनच असतात, त्यामुळे परिणाम कुणा भलत्याचाच असू शकतो. मग तो ठाऊक असलेला ॲन्टॅगोनिस्ट, म्हणजे रिसेप्टर अडवणारे संयुग, वाढत्या प्रमाणात घालून वक्र समांतर उजवीकडे सरकतो का ते पाहायला सांगेल. वक्र सरकण्याच्या या, १९५९ सालच्या, अरुणलक्षणा आणि शिल्ड यांच्या विश्लेषणाला अजून निवृत्ती मिळालेली नाही. जीआय असेल तर ते प्रथिन निकामी करणारे डांग्या खोकल्याच्या जंतूचे विष, म्हणजे पर्टुसिस टॉक्सिन, घातल्यावर परिणाम नाहीसा होतो का, हेही तो विचारेल. जी व्यक्ती या तिन्हींआधी संगणकावरील डॉकिंगचे, म्हणजे रेणू रिसेप्टरमध्ये बसवून पाहण्याचे, चित्र मागते ती रचनेची तज्ज्ञ असेल, पण आपल्या या प्रश्नासाठी ती नव्हे.

परिणामाची उंची खरी आहे का? प्रयोगशाळेतील पेशींत रिसेप्टर नैसर्गिक पातळीपेक्षा कितीतरी पट जास्त भरलेले असतात. त्यांतील थोडे जरी सक्रिय झाले तरी पेशी पूर्ण प्रतिसाद देते आणि अर्धवट ॲगोनिस्टही पूर्ण भासतो. यावर सल्लागाराने रिसेप्टरची संख्या कमी असलेल्या पेशी, किंवा काही रिसेप्टर कायमचे निकामी करून केलेली तुलना सुचवायला हवी. ब्लॅक आणि लेफ यांनी १९८३ मध्ये मांडलेले गणित याच गुंत्यासाठी आहे. त्यातले जेम्स ब्लॅक म्हणजे प्रोप्रॅनोलॉल आणि सिमेटिडिन ही दोन औषधे देऊन १९८८ च्या नोबेलमध्ये वाटेकरी झालेले औषधशास्त्रज्ञ. सिमेटिडिनच्या कामात पहिल्या चार वर्षांत सुमारे २०० संयुगे बनवूनही एच-२ या हिस्टामिन रिसेप्टरचा ॲन्टॅगोनिस्ट सापडला नव्हता. चाचणी बारकाईने पुन्हा तपासली तेव्हा कळले की सुरुवातीच्याच संयुगांपैकी ग्वानिलहिस्टामिन हे अर्धवट ॲगोनिस्ट होते. त्याच्या स्वतःच्या उत्तेजनामुळे त्याचा अडवण्याचा गुण नजरेतून सुटला होता. ही हकिकत ज्यांना माहीत आहे आणि जे ती सांगताना चाचणीवर बोट ठेवतात, ते आपल्या साठ संयुगांच्या बाटल्या फेकण्याआधी आपल्यालाही थांबवतील.

कोणता प्राणी? हा प्रश्न टाळू नये. १३ मार्च २००६ रोजी लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयाच्या आवारात टीजीएन-१४१२ या प्रतिपिंडरूपी औषधाची मात्रा सहा निरोगी स्वयंसेवकांना दिली गेली आणि सहाही जणांचे अवयव काही तासांत निकामी होऊ लागले. ते वाचले, पण अतिदक्षता विभागातून. माकडांना चाललेल्या मात्रेपेक्षा ती मात्रा ५०० पट लहान होती. औषधाचे लक्ष्य सीडी-२८ हा रिसेप्टर होता, आणि त्या माकडांच्या स्मृतीवाहक टी-पेशींच्या नेमक्या त्या गटावर, माणसात ज्याने वादळ उठवले, हा रिसेप्टर नसतोच, हे नंतरच्या अभ्यासात उघड झाले. लहान रेणूंच्या बाबतीतही हे घडते : एनके-१ रिसेप्टरवरील मानवी औषधे उंदरा-घुशींच्या रिसेप्टरला नीट बसत नाहीत, म्हणून त्या कामात जर्बिल, गिनीपिग आणि फेरेट वापरावे लागले. सल्लागाराला "माणसाच्या आणि उंदराच्या रिसेप्टरवर आमचे संयुग किती बसते याची तुलना कधी करावी?" असे विचारावे. "प्राण्यांवरील पहिल्या प्रयोगाआधी" यापेक्षा वेगळे उत्तर आले तर कारण मागावे.

आणखी कोणत्या रिसेप्टरवर तपासावे? येथे ५-एचटी-२बी हे नाव न विचारता यायला हवे. वजन घटवणारे फेनफ्लुरामिन सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या बाजारातून मागे घ्यावे लागले, कारण हृदयाच्या झडपा जाड होऊ लागल्या. त्याच्या शरीरात तयार होणाऱ्या उपपदार्थाने झडपांतील हा रिसेप्टर चेतवला होता. गंमत अशी की तेच औषध २०२० मध्ये कमी मात्रेत, हृदयाच्या नियमित तपासणीच्या अटीवर, ड्राव्हे सिंड्रोम या दुर्धर अपस्मारासाठी परत आले. म्हणजे लाल रेघ कोणत्या रोगासाठी ओढायची हेही सल्लागाराला सांगता यायला हवे.

शेवटचा प्रश्न विज्ञानाचा नाही : "आपण कोणता प्रकल्प बंद करायला लावला, आणि कशावरून?" भारतातच शिकण्यासारखे प्रसंग आहेत. डॉ. रेड्डीजने शोधून नोव्हो नॉर्डिस्कला दिलेल्या रागाग्लिटाझार या पीपीएआर रिसेप्टरवरील औषधाच्या चाचण्या २००२ मध्ये थांबल्या, कारण प्राण्यांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्या. त्याच रिसेप्टर कुटुंबावरील झायडसचे सारोग्लिटाझार मात्र २०१३ मध्ये भारतात मंजूर झाले. ज्या व्यक्तीने एकही प्रकल्प बंद करवलेला नाही ती एकतर फार नशीबवान आहे किंवा तिचे कुणी ऐकले नाही. दोन्हींचा आपल्याला उपयोग नाही.

चौथी पायरी : हितसंबंध आणि मालकाची परवानगी

हा भाग रुक्ष आहे, पण येथे झालेली चूक तीन वर्षांनी, गुंतवणूकदाराच्या वकिलांसमोर, बाहेर येते. सल्लागाराने सध्याची नोकरी, इतर कंपन्यांतील सल्लागारी, भागभांडवल, चालू पेटंट अर्ज आणि त्याच रिसेप्टरवर सुरू असलेले स्वतःचे संशोधन यांची सही केलेली यादी द्यावी आणि ती दरवर्षी नवी करावी. सरकारी संस्थेतील शास्त्रज्ञाला संस्थेची लेखी परवानगी लागते. अनेक संस्था बाहेरच्या कामासाठी दिवसांची मर्यादा ठरवतात आणि सल्ल्याच्या शुल्कातील वाटाही घेतात. "आमच्याकडे कोणी विचारत नाही" हे उत्तर तोंडी कितीही खात्रीने दिले गेले तरी ग्राह्य धरू नये.

सल्लागाराने आपल्या संयुगांवरील कोणताही प्रयोग स्वतःच्या संस्थेच्या उपकरणांवर, विद्यार्थ्यांच्या हातून, "सहज बघू" म्हणून करू नये, हे स्पष्ट सांगावे. त्या एका सहज केलेल्या प्रयोगावरून संस्था शोधावर हक्क सांगू शकते. प्रयोग हवाच असेल तर संस्थेशी स्वतंत्र करार करून पैसे भरून करून घ्यावा.

पाचवी पायरी : करार

करार सहा-सात पानांचा पुरे, पण वकिलाने तयार केलेला असावा. त्यात पुढील गोष्टी हव्यातच. कामाचे स्वरूप तासांत आणि विषयांत लिहावे : तिमाहीला एक तीन तासांची बैठक, दरमहा दोन तास फोन किंवा ईमेल, अमुक रिसेप्टर आणि त्याच्या चाचण्यांपुरते. गोपनीयता करार संपल्यानंतर किमान पाच वर्षे टिकावी. कंपनीच्या कामातून निघालेल्या कल्पनांचे हक्क कंपनीकडे येतील, मात्र सल्लागाराचे आधीचे ज्ञान आणि संस्थेतले काम त्यातून स्पष्टपणे वगळलेले असेल. कोणत्याही एका बाजूला ३० दिवसांच्या सूचनेने बाहेर पडता येईल.

पेटंटबाबत दोन गोष्टी सल्लागाराच्या कानावर पहिल्याच दिवशी घालाव्यात. परिषदेतील पोस्टर, प्रबंधातील परिच्छेद, अगदी विद्यार्थ्यांसमोरचे व्याख्यानही अर्जाआधी झाले तर नावीन्य जाऊ शकते. आणि भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) मुळे ज्ञात रेणूचा नुसता नवा क्षार किंवा नवे स्फटिकरूप पुरत नाही. परिणामकारकता वाढलेली दाखवावी लागते, आणि ही परिणामकारकता म्हणजे उपचारात्मक परिणामकारकता असे सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नोव्हार्टिसच्या खटल्यात सांगितले. म्हणून रिसेप्टरवरील तुलनात्मक आकडे आधीपासून जपून ठेवणे हे सल्लागाराचेही काम आहे. सल्लागाराच्या सूचनेतून दावा आकाराला आला असेल तर त्याचे नाव संशोधक म्हणून घालावेच लागते, आणि केवळ आदर म्हणून घालू नये. दोन्ही चुका पुढे, विशेषतः अमेरिकेत, पेटंटला भोवतात. मूळ संयुग भारतीय वनस्पतीपासून काढलेले असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याचे नियमही लागू होतात, आणि परदेशी सल्लागाराकडे नमुना पाठवण्याआधी ते तपासावेत.

मोबदल्याच्या बाबतीत बरेच संस्थापक अमेरिकी नमुना करार उतरवून घेतात, ज्यात सल्लागाराला साधारण पाव ते एक टक्का भाग दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतात. भारतात हे तसेच्या तसे चालत नाही. कंपनी कायदा २०१३ खालील ईसॉप योजना (भाग घेण्याचा पर्याय देणारी) कर्मचारी आणि संचालकांसाठी आहे, स्वेट इक्विटीचीही (श्रम-ज्ञानाच्या मोबदल्यात दिलेल्या भागांची) व्याख्या तशीच आहे, आणि बाहेरचे सल्लागार त्यांत बसत नाहीत. मूल्यांकन करून रीतसर भाग देणे किंवा भागाच्या किमतीशी जोडलेली रोख रक्कम देण्याचा करार करणे, असे मार्ग उरतात. कंपनी सेक्रेटरीला विचारूनच पुढे जावे. माझे मत असे की पहिल्या वर्षी बैठकीमागे ठरलेले रोख शुल्क द्यावे, उगमकर कापून, वेळेवर. निवृत्त माणसाला टक्केवारीपेक्षा वेळेवर आलेले पैसे आणि आधी पाठवलेली कागदपत्रे यांतून आपली किंमत अधिक कळते.

सहावी पायरी : बैठक

बैठकीच्या सात दिवस आधी दहा पानांची फाइल पोहोचलेली असावी. त्यात स्लाइडवरचे सुंदर स्तंभालेख नकोत. प्रयोगाच्या प्लेटमधील प्रत्येक विहिरीचा (खळग्याचा) कच्चा आकडा, नियंत्रक विहिरी, पेशींचा पासेज क्रमांक (त्या किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या तो आकडा), मायकोप्लाझ्मा या पेशी दूषित करणाऱ्या जंतूच्या तपासणीची तारीख, संयुग विरघळवणाऱ्या डीएमएसओचे प्रमाण आणि अभिकारकांचे लॉट क्रमांक असावेत. आमची फाइल पहिल्यांदा अशी गेली तेव्हा सल्लागारांच्या हे लगेच लक्षात आले की चांगले निकाल देणारे सगळे प्रयोग पासेज १२ च्या आतले होते आणि वाईट निकाल २५ च्या पुढचे.

पहिल्या पानावर फक्त निर्णय असावा. आमच्या एका पानावरचा मजकूर असा होता : "संयुग १७ पुढे न्यावे का? बाजूने : मानवी रिसेप्टरवर २० नॅनोमोलर. विरुद्ध : मूळ पेशींतही ३ मायक्रोमोलरला थोडा परिणाम. पुढचा प्रयोग : पर्टुसिस टॉक्सिन घालून दोन्ही पेशी. टॉक्सिननंतरही परिणाम उरला तर संयुग १७ बंद." शेवटचे वाक्य प्रयोगाआधी लिहिलेले असणे सर्वांत महत्त्वाचे. निकाल आल्यावर थांबण्याची रेषा ओढायला बसले की ती रेषा नेहमी निकालाच्या पलीकडे सरकते. संयुग १७ वर आमचा फार जीव होता. परिणाम उरला, आणि तो कागद समोर होता म्हणूनच ते बंद झाले.

बैठकीत संस्थापकांनी वीस मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये. ज्या मुलीने किंवा मुलाने प्लेट स्वतः लावली आहे त्याला टेबलाशी बसवावे, कारण "ही प्लेट किती वेळ बाहेर राहिली होती?" याचे उत्तर त्यालाच ठाऊक असते. आपल्याकडे ज्येष्ठांसमोर कनिष्ठ बोलत नाहीत, म्हणून बाई प्रत्येक बैठकीची सुरुवात त्याच्याकडे वळून "तुला यातला कोणता आकडा खोटा वाटतो?" अशी करायच्या. इतिवृत्त त्याच संध्याकाळी पाठवावे : कोणी काय सुचवले, काय स्वीकारले, काय नाकारले आणि का.

दोन सल्लागारांत मतभेद झाले तर मतमोजणी करू नये. दोघांनाही एकच प्रश्न लिहून द्यावा : "कोणता प्रयोग झाला तर आपण मत बदलाल?" बहुधा दोघे एकाच प्रयोगाचे नाव घेतात. घेतले नाही, तर स्वस्त असेल तो आधी करावा.

सातवी पायरी : आढावा आणि निरोप

वर्षअखेरीस इतिवृत्ते काढून मोजावे की प्रत्येक सल्लागारामुळे किती निर्णय बदलले. एकही नसेल तर दोनपैकी एक झाले आहे : सल्ला मिळत नाही किंवा आपण ऐकत नाही. कंपनी प्राण्यांवरील विषचाचण्यांकडे आणि पुढे रोग्यांकडे सरकली की रिसेप्टर तज्ज्ञाची गरज कमी होते. त्याला ओढून धरण्यापेक्षा करार सन्मानाने संपवून अधूनमधून तासाच्या दराने बोलवावे. निरोपाच्या वेळी गोपनीय कागद आणि फाइल परत घ्याव्यात, ईमेलवरील सामायिक फोल्डरचा प्रवेश काढावा, संकेतस्थळावरचे नाव त्याच आठवड्यात उतरवावे आणि उरलेले शुल्क चुकते करावे.

आमच्या बाई तीन वर्षांनी बाहेर पडल्या तेव्हा त्यांनी सगळ्या फाइली कुरिअरने परत पाठवल्या. फोर्स्कोलिनच्या वक्राच्या पानावर समासात पेन्सिलीने लिहिले होते : "लॉट बदलला की पुन्हा काढा. पेशी बदलल्या तरीही."